अण्णांच्या पद्मिनीचं गेअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं ऑइल बदलायचंय, गाडी आठ वर्षं उभी होती

सेलूकर
नमस्कार मंडळी. आमच्या अण्णांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९८६ ची, पेट्रोल, स्टेअरिंगवरचा गेअर. अण्णा जाऊन आठ वर्षं झाली आणि तेव्हापासून गाडी शेतात आखाड्यावर पत्र्याखाली उभी होती, शेड तीन बाजूंनी उघडं आणि मधल्या दोन पावसाळ्यात ओढ्याचं पाणी आखाड्यात शिरून चाकाच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं असं सालगड्यानं सांगितलं. या दिवाळीपासून मी गाडीच्या मागं लागलोय. टाकी साफ केली, कार्ब्युरेटर खोलला, ब्रेकचे सिलेंडर बदलले, इंजिन ऑइल बदललं आणि मागच्या रविवारी इंजिन सुरू झालं. आईनं ओट्यावरून आवाज ऐकला आणि बाहेर येऊन उभी राहिली, बोलली काही नाही.

आता आखाड्यातच पन्नास-शंभर फूट मागंपुढं केली तर दुसरा गेअर टाकताना कर्रर्र होतंय आणि मागून हलकी घरघर आहे. गावातला एक गॅरेजवाला म्हणायलाय की गेअरबॉक्स आणि डिफ्रेन्सलचं ऑइल बदलायचं नसतंय, ते गाडीच्या जन्माचं असतंय, नुसतं वरून पाव लिटर टाका. मला काही ते पटेना. कुठलं ऑइल, किती, कसं काढायचं, सगळं सांगा. हे काम मला स्वतःच्या हातानं करायचंय, कारण अण्णा हे स्वतः करायचे आणि मी तेव्हा नुसता बॅटरी धरून बसायचो.

मोंढा नाका
सेलूकर, पहिली गोष्ट, गाडी आता हलवू नका. पाणी अर्ध्या चाकापर्यंत म्हणजे मागच्या एक्सलच्या मध्यापर्यंत आलं होतं, मग आत पाणी गेलंच असणार असं धरून चाला. पाणी मिसळलेल्या तेलावर क्राऊन-पिनियन, म्हणजे डिफरन्शियलमधली मागची चाकं फिरवणारी दातेरी जोडी, फिरवलं की दातांवरचा तेलाचा पडदा टिकत नाही, आणि आठ वर्षांत बेअरिंगवर गंज धरला असेल तर तो गंज दळला जाऊन सगळीकडं फिरतो. वरून पाव लिटर टाकणं म्हणजे नासलेल्या दुधात चांगलं दूध ओतणं.

दुसरी गोष्ट, आणि हे मी माझ्याकडं शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो. ड्रेनचा खालचा प्लग खोलायच्या आधी भरायचा वरचा प्लग खोलून बघा. तो सहज निघाला तरच खालच्याला हात लावा. खालचा खोलला, तेल सगळं सांडलं आणि वरचा जाम असला तर नवं तेल भरणार कुठून? गाडी जागेवर अडकून पडते. पस्तीस-चाळीस वर्षांच्या गाडीत वरचा प्लग जाम असायची शक्यता जास्तच, कारण ज्यांनी कधी तेल तपासलंच नाही त्यांनी तो कधी हलवलाच नाही.

गोदाकाठ
+१ मोंढा नाका. सेलूकर, ऑइल घ्यायला गेलात की दुकानदार एकच डबा हातात देईल आणि म्हणेल दोन्हीकडं हेच टाका, तर डब्यावर जीएल-४ लिहिलंय का जीएल-५ (हे गेअर ऑइलचे प्रकार) ते बघूनच घ्या. नंबर दोन्हीचा ९० किंवा ८०डब्ल्यू-९० असतो पण आतला मसाला वेगळा असतो. गेअरबॉक्सला जीएल-४, मागं डिफरन्शियलला जीएल-५.

सेलूकर
धन्यवाद दोघांना. गाडी हलवणं बंद. गोदाकाठ दादा, हा फरक कामून असतो ते जरा सोपं करून सांगाल का? आमच्या इथल्या दुकानात जीएल-५ च दिसलं, तो म्हणाला आकडा मोठा म्हणजे माल भारी.

गोदाकाठ
आकडा मोठा म्हणजे भारी असं नाही, काम वेगळं आहे. डिफरन्शियलमध्ये जो पिनियन असतो तो क्राऊनच्या मध्यावर नसतो, थोडा खाली बसवलेला असतो, त्याला हायपॉइड म्हणतात. त्यामुळं प्रोपेलर शाफ्ट खाली येतो, गाडीचा फ्लोअर खाली ठेवता येतो आणि दात मजबूत होतात. पण त्यात दात दातावर नुसता दाबला जात नाही तर घसटत जातो, आणि दाब इतका असतो की साधं तेल मधून पिळून निघून जातं. म्हणून त्या तेलात गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं घालतात. दात तापला की ती लोखंडाशी धरून एक बारीक थर तयार करतात आणि तो थर झिजतो, दात वाचतो. जीएल-५ मध्ये ही द्रव्यं जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतात. डबा उघडल्यावर जो सडक्या कांद्यासारखा वास येतो तो या गंधकाचाच.

आता गेअरबॉक्समध्ये सिंक्रोच्या, म्हणजे गेअर टाकताना वेग जुळवून देणाऱ्या, रिंगा पितळेच्या असतात. जास्तीचं गंधक गरम तेलात पितळेला लागतं. हल्लीच्या चांगल्या जीएल-५ मध्ये हे बरंच कमी केलंय, पण दुसरी अडचण राहतेच, सिंक्रोची रिंग गेअरच्या शंकूसारख्या भागावर घासून त्याचा वेग जुळवून घेते, म्हणजे तिला थोडी पकड लागते. तेल फार निसरडं झालं की रिंग पकडतच नाही आणि गेअर कर्रर्र करतो. तुमच्या दुसऱ्या गेअरचं दुखणं तेच असू शकतं, आधी कुणी काय भरलंय कोणास ठाऊक.

मुक्काम मुंबई मूळ वसमत
पद्मिनीचा धागा बघून लॉगिन केलं. सेलूकर, एक लक्षात ठेवा, या गाडीच्या पहिल्या गेअरला सिंक्रो नाहीच, दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्याला आहे. त्यामुळं गाडी चालू असताना पहिला टाकला तर तो वाजणारच, तेल कितीही चांगलं असू द्या, तिथं गाडी पूर्ण थांबवूनच टाकायचा. दुसरा वाजतोय तो मात्र बघायला पाहिजे.

मी इथं वीस वर्षं काळ्या-पिवळ्या पद्मिनीतून ऑफिसला गेलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली त्या दिवशी मुद्दाम मुलीला दाखवायला घेऊन गेलो होतो. १०८९ सीसीचं इंजिन आणि पाच माणसं, डिकीत पोतं, वरच्या कॅरिअरवर ट्रंका. ती गाडी बनवणारी प्रीमियर कंपनी काढली वालचंद हिराचंदांनी, सोलापूरचा माणूस, म्हणजे धाराशिवच्या शेजारचाच. तुमची गाडी उभी राहिली पाहिजे बघा.

वाळूज एमआयडीसी
मी दिवसभर गेअरचंच काम करतो म्हणून एक भर घालतो. बरेच जण ९० नंबर ऐकून समजतात की हे इंजिनच्या ४० किंवा ५० नंबरच्या दुप्पट घट्ट आहे. तसं नाहीये. गेअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. गरम असताना ९० नंबरचं गेअर ऑइल साधारण इंजिनच्या ४०-५० नंबरइतकंच घट्ट असतं. हे सांगायचं कारण, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो म्हणून लोक १४० नंबर भरतात. डिफरन्शियलमध्ये एक वेळ चालेल, गेअरबॉक्समध्ये सकाळी थंडीत गेअर पडणार नाहीत आणि परभणीची थंडी काय असते ते सेलूकरांना सांगायला नको. ९० वरच थांबा. आणि सिंथेटिकच्या मागं लागू नका, जुन्या सीलमधून ते लवकर पाझरतं, साधं मिनरल घ्या.

लातूरचा जीपवाला
धागा थोडा जीपकडं वळवतो पण उपयोग पद्मिनीलाही आहे. माझ्याकडं जुन्या विलिस धाटणीची महिंद्रा आहे, तिला तेल चार ठिकाणी, गेअरबॉक्स, ट्रान्सफर केस, पुढचा डिफरन्शियल, मागचा डिफरन्शियल. पहिल्या वर्षी मी मागचं तेल बदललं आणि एकाच पावसाळ्यात ते परत दुधाळ झालं, चहात दूध जास्त पडल्यावर होतो तसा रंग. मला वाटलं तेल भेसळीचं निघालं. मग कळलं की दोष ब्रीदरचा.

एक्सलच्या हौसिंगवर एक छोटी टोपी असते, तिच्यातून आतली हवा बाहेर-आत होते. आपल्या काळ्या मातीचा चिखल एकदा तिच्यावर वाळला की सिमेंटसारखा बसतो. मग काय होतं, गाडी तीस-चाळीस किलोमीटर चालून एक्सल तापलेला असतो, तशीच ओढ्याच्या थंड पाण्यात घातली की आतली हवा एकदम आकसते, आत ओढ निर्माण होते आणि ब्रीदर बंद असल्यामुळं ती ओढ एक्सलच्या सीलमधून पाणी खेचते. आणि कोरड्या दिवसात उलट होतं, हवा गरम होऊन फुगते, तिला वाट मिळत नाही, मग ती सीलमधून तेल ढकलते आणि ते तेल ब्रेकच्या लायनरवर जातं. म्हणून सेलूकर, तेल बदलायच्या आधी ब्रीदर शोधा, तारेनं मोकळा करा आणि हातानं टोपी फिरते का बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

सेलूकर
अपडेट. ब्रीदर सापडला, माती आणि कुंभारणीचं घर दोन्ही होतं त्याच्यात. मोकळा केला. जीएल-४ दोन लिटर परभणीहून आणलं, जीएल-५ इथंच मिळालं.

पण अडचण आली. गेअरबॉक्सचा भरायचा प्लग निघाला, डिफरन्शियलचा जाम आहे. पाना घातला, पाइप लावून जोर दिला तर कोपरे गोल व्हायला लागले म्हणून थांबलो. पाना आणखी लावावा का वेल्डिंगवाल्याला बोलवावं?

मोंढा नाका
थांबलात ते फार बरं केलं. कोपरे गेले की काम तिप्पट. आता घाई करू नका. आज संध्याकाळी तारेच्या ब्रशनं प्लगच्या कडेची माती पूर्ण काढा, गंज सोडवायचं तेल मारा, नसलं तर डिझेल चालेल, रात्रभर मुरू द्या. सकाळी प्लगच्या डोक्यावर हातोडीनं सरळ, मध्यम ठोके द्या, दहा-पंधरा, त्यानं चुडीतला गंज तडकतो. मग बारा कोनी रिंग न घेता सहा कोनी बॉक्स पाना घ्या, तो कोपऱ्यावर न बसता सपाट बाजूवर बसतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी किंचित आवळायच्या दिशेला दाब द्या, टक् असा आवाज येईल, मग सोडवा.

वेल्डिंगचा विचार आत्ता अजिबात नको. आत जुनं तेल आहे, वर पेट्रोलची टाकी आहे.

आणि एक विचारायचं राहिलं, गाडी कशावर चढवलीय?

सेलूकर
जॅकवर, आणि खाली शहाबादी फरशी ठेवलीय.

मोंढा नाका
भाऊ, आत्ताच्या आत्ता खाली उतरवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही, कधीच नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. काळ्या जमिनीत जॅक एका बाजूला बसतो आणि फरशी मधोमध तडकते, तडकायच्या आधी सांगत नाही. माझ्या ओळखीत एक जण असाच गेलाय. जॅकखाली बाभळीची नाहीतर सागाची जाड फळी टाका, गाडी वर गेली की चार घोड्या, म्हणजे गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड, लावा, पुढं-मागं सारख्या उंचीच्या, घोड्या नसतील तर ट्रॅक्टरवाल्याकडं मिळतात. चारही बाजू सारख्या पाहिजेत कारण तेलाची पातळी गाडी आडवी सपाट असली तरच खरी कळते. घोड्या लावल्यावर बाहेर उभं राहून गाडीला जोरात हलवा, जागची हलली नाही तरच खाली जा.

सेलूकर
उतरवली. तुम्ही विचारलं नसतं तर मी उद्या तसाच खाली गेलो असतो. घोड्या शेजारच्या आखाड्यावरून मागवल्या.

बालाघाट
मोंढा नाका यांचं जॅकचं सांगणं सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

माझा अनुभव लिहितो, तेल काढून का बघावं याच्यासाठी. सहा वर्षांपूर्वी बीड जिल्ह्यातच एक अ‍ॅम्बेसेडर घेतली, चालवून बघितली तर मागून आवाज शून्य, म्हटलं काय राखलीय गाडी. महिन्याभरात मांजरसुंब्याच्या घाटात डिफरन्शियल रडायला लागला, अ‍ॅक्सलरेटर दिला की वेगळा आवाज, सोडला की वेगळा. खोलल्यावर आत निघाला लाकडाचा भुसा, तेलात कालवलेला. विकताना आवाज दाबायला भरला होता. तोपर्यंत क्राऊनचे दात आणि दोन्ही बेअरिंग गेले होते. त्या दिवसापासून कुठलीही जुनी गाडी घेतली की मी पहिल्या आठवड्यात तेल काढतो, गाळतो आणि चाळणीवर काय राहिलं ते बघतो. तुम्हीही पांढऱ्या फडक्यातून गाळा आणि काय निघालं ते इथं नक्की लिहा.

सेलूकर
मोठा अपडेट, सकाळपासून आत्ता हातपाय धुऊन बसलोय.

प्लग निघाला. तसंच केलं, रात्रभर डिझेल, सकाळी ठोके, आधी आवळलं, टक् झालं आणि मग लोण्यासारखा फिरला. त्या टक् आवाजाला मी आणि सालगडी दोघंही ओरडलो.

आधी गेअरबॉक्स. तेल काळं पण पातळ, वास जळका नाही, फडक्यावर उन्हात धरलं तर सोनेरी चमक दिसतेय, बारीक बारीक, रांगोळीसारखी. लोखंडाचे तुकडे नाहीत. निघालं ते पाऊण लिटरही नाही.

डिफरन्शियलचा खालचा प्लग सैल केला तर पहिलं अर्धा ग्लास नितळ पाणीच आलं, मग दुधाळ पांढरट चिकट, आणि शेवटी काळं. प्लगला राखाडी गाळ चिकटला होता, बोटावर चोळला तर मऊ लागला, एकही टोचणारा कण नाही. आता रॉकेलनं धुऊन घेऊ का?

वाळूज एमआयडीसी
पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळं उभ्या गाडीत ते तळाला जाऊन बसतं, म्हणून आधी पाणी आलं. राखाडी मऊ गाळ म्हणजे नेहमीची झीज, त्याची काळजी नको. सुईसारखे किंवा खपलीसारखे तुकडे असते तर खोलावं लागलं असतं. गेअरबॉक्समधली सोनेरी चमक म्हणजे सिंक्रोचं पितळ, दुसऱ्या गेअरची रिंग झिजलीय. किती झिजलीय ते चालवल्यावर कळेल.

रॉकेल नको. ते बेअरिंगच्या खाचांत आणि हौसिंगच्या कोपऱ्यात राहून जातं आणि नवं तेल पातळ करतं. त्यापेक्षा स्वस्तातलं ९० नंबर भरा, पन्नासेक किलोमीटर हळू चालवा, गरम असतानाच काढून टाका आणि मग चांगलं भरा. तेलानंच तेल धुवायचं.

गोदाकाठ
आणि निघालेलं तेल मोजून तेवढंच भरू नका. तुमच्यात आधीच कमी होतं. भरायच्या प्लगच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल आलं आणि बाहेर थेंब पडायला लागला की पातळी झाली, थेंब थांबू द्या मग प्लग लावा. त्याच्यावर भरलं तर तेल फेसाळतं आणि सीलमधून बाहेर येतं.

भरायला माझी पद्धत, डबा तासभर उन्हात ठेवायचा म्हणजे तेल पातळ होतं आणि ठिबकची १६ एमएमची नळी हातभर कापून डब्याच्या तोंडाला बसवायची, नळीचं दुसरं टोक भोकात. वरून डबा दाबत राहायचं. सलाईनची नळी घेऊ नका, त्याच्यातून ९० नंबर उतरायला संध्याकाळ होते.

मोंढा नाका
तांब्याचे वॉशर फेकू नका. गॅसवर लाल होईपर्यंत तापवा, थंड करा, तांबं परत मऊ होतं आणि नव्यासारखं बसतं. प्लग आवळताना पाइप लावायचा नाही, हाताच्या जोरानं पुरे. आणि जुनं तेल बांधावर किंवा विहिरीच्या बाजूला ओतू नका, डब्यात भरून अधिकृत जुनं तेल घेणाऱ्याला द्या, तो घातक कचरा आहे आणि त्याचे २०१६ चे नियमही आहेत.

सेलूकर
चार दिवसांनी लिहितोय. स्वस्तातलं तेल भरून सेलू-पाथरी-सेलू अशी फेरी मारली, तीसच्या वर गेलो नाही. आईला घेऊन गेलो, ती मागं तिच्या जागेवर बसली, डाव्या खिडकीला. परत आल्या आल्या गरम असतानाच दोन्हीकडचं काढलं. डिफरन्शियलचं थोडं दुधाळ निघालं, गेअरबॉक्सचं बरंच स्वच्छ. मग जीएल-४ आणि जीएल-५ आपापल्या जागी भरलं, थेंब पडेपर्यंत.

आज सकाळी परत चालवली. मागची घरघर जवळजवळ गेली. दुसरा गेअर तिसऱ्यावरून उतरताना अजून वाजतो पण वर जाताना वाजत नाही, क्लच दाबून क्षणभर न्यूट्रलला थांबून टाकला तर दोन्हीकडून गुपचूप पडतो. अण्णा तसेच टाकायचे, न्यूट्रलला हात थोडा थांबायचा त्यांचा, मला वाटायचं त्यांची सवय आहे.

एकच, मागच्या डाव्या चाकाच्या आतून तेलाची ओल दिसतेय, टायरच्या बाजूला रेघ आलीय.

लातूरचा जीपवाला
बंद ब्रीदरचा प्रताप. एक्सलचा सील गेलाय. तेल लायनरवर जायच्या आत बघा.

मोंढा नाका
ड्रम काढून बघा. लायनर तेलानं भिजले असतील तर धुऊन वापरायचे नाहीत, दोन्ही बाजूंचे एकदम नवे टाकायचे, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढेल. सील घेताना जुना सोबत न्या, मापावर जाऊ नका, ओठाची दिशा बघून तेलाकडं तोंड करून बसवा. आणि सील बदलल्यावर तेलाची पातळी परत तपासा, थोडं सांडेलच.

सेलूकर
ड्रम आत्ता काढला. वरचा लायनर कोरडा आहे, खालच्याच्या कडेला तेल लागलंय. जुना सील पिशवीत ठेवलाय, उद्या सकाळच्या गाडीनं परभणीला जातो, सोबत दोन्ही बाजूंचे लायनर घेऊन येतो. तोपर्यंत गाडी घोड्यांवरच.